तीस अँपिअरच्या ट्रेलरला होंडा ईयू २२००आय पुरतो का?

ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे ट्रकमागे ओढायचे चाकांवरचे घर, नुकताच घेतलेली ओळखीची मराठी कुटुंबे एक प्रश्न हमखास विचारतात : जनरेटर किती वॅटचा घ्यावा? ट्रेलरची जोडणी ३० अँपिअरची असते, तिला १२० व्होल्टने गुणले की ३६०० वॅट होतात, म्हणजे जनरेटरही निदान तेवढा हवा, असा हिशेब बहुतेक जण मनाशी करून आलेले असतात. त्या हिशेबाने घेतलेला जनरेटर ४५ ते ६० किलो वजनाचा निघतो, ट्रकमधून उतरवायला दोन माणसे लागतात, आणि असे जनरेटर पुढे गॅरेजमध्ये धूळ खात पडलेले मी अनेक घरांत पाहिले आहेत. आमचा ट्रेलर बावीस फुटी आहे, त्याच्या छतावर १३,५०० बीटीयूचा (बीटीयू हे थंड करण्याच्या क्षमतेचे माप) एकच एसी आहे, आणि कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगरांपासून ॲरिझोनाच्या वाळवंटापर्यंत आम्ही तो होंडाच्या ईयू २२००आय या लहान जनरेटरवर चालवतो. अशा ट्रेलरला हा जनरेटर पुरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्यासाठी एसीला सॉफ्ट स्टार्ट, म्हणजे सुरू होतानाचा झटका कमी करणारे उपकरण, बसवलेला असावा लागतो आणि एका वेळी काय काय चालवायचे याची घरात शिस्त असावी लागते.

२०१८ मध्ये जुन्या ईयू २०००आयच्या जागी बाजारात आलेल्या या जनरेटरला १२१ सीसीचे इंजिन आहे आणि रिकाम्या टाकीसह त्याचे वजन सुमारे साडेएकवीस किलो भरते. नावातला २२०० हा आकडा क्षणिक क्षमतेचा आहे. सलग मिळणारी शक्ती १८०० वॅट, म्हणजे १५ अँपिअर आहे. जनरेटर निवडताना हा दुसरा आकडाच पाहावा. जवळपास सर्व कंपन्या मोठा आकडा खोक्यावर ठळक छापतात आणि खरा आकडा माहितीपत्रकात आत कुठेतरी असतो.

इन्व्हर्टर पद्धतीचा जनरेटरच का घ्यावा, हेही समजून घेणे आवश्यक आहे. बांधकामावर दिसणाऱ्या साध्या जनरेटरचे इंजिन ६० हर्ट्‌झचा वीजप्रवाह राखण्यासाठी मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या वेगाने सतत फिरत राहते, मग त्यावर एक दिवा लावलेला असो किंवा एसी. इन्व्हर्टर जनरेटर आधी तयार झालेल्या विजेचे डीसीमध्ये, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहात, रूपांतर करतो आणि तिच्यातून इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या साहाय्याने पुन्हा स्वच्छ प्रत्यावर्ती प्रवाह घडवतो, त्यामुळे इंजिनाचा वेग विजेच्या वारंवारितेशी बांधलेला राहत नाही आणि भार कमी असेल तेव्हा ते हळू चालू शकते. कमी आवाज आणि कमी इंधन, हे दोन्ही फायदे यातूनच येतात. पाव भारावर, म्हणजे साधारण ४५० वॅटवर, होंडाची ३.६ लिटरची टाकी सुमारे आठ तास चालते. पूर्ण भारावर तीच सव्वातीन तासांत संपते.

आता ट्रेलरमधील उपकरणांकडे वळू. मायक्रोवेव्हवर १००० वॅट लिहिलेले असले तरी तो आकडा अन्नापर्यंत पोहोचणाऱ्या शक्तीचा असतो, प्रत्यक्षात तो १५०० वॅटच्या आसपास खेचतो. इन्स्टंट पॉटचे सहा क्वार्टचे भांडे १००० वॅट घेते, त्यामुळे वरणभाताचा कुकर या जनरेटरवर निर्धास्त लावता येतो. सुटी इंडक्शन शेगडी पूर्ण आचेवर १८०० वॅट मागते, ती मधल्या आचेवर ठेवावी लागते. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर येथे चालत नाही, पण अमेरिकेसाठी बनवलेला ११० व्होल्टचा साडेपाचशे वॅटचा मिक्सर चटणीपुरता उत्तम चालतो.

जनरेटरवर भार पडून तो बंद होतो तेव्हा दोष बहुधा समोर दिसणाऱ्या उपकरणाचा नसतो, न दिसणाऱ्यांचा असतो. ट्रेलरचा फ्रीज ऑटो स्थितीत ठेवलेला असेल, तर जनरेटर जोडताच तो प्रोपेन गॅसऐवजी विजेवर जातो आणि तीनेकशे वॅट गुपचूप घेऊ लागतो. पाणी तापवण्याच्या टाकीतील विजेचा एलिमेंट चालू राहिला असेल, तर एकटा तोच सुमारे १४०० वॅट खातो. बॅटरी उतरलेली असेल, तर तिला चार्ज करणारा ५५ अँपिअरचा कन्व्हर्टर ९०० वॅटपर्यंत जातो. या तिघांची बेरीज जनरेटरच्या क्षमतेपलीकडे गेलेली असते आणि एसीचे बटण अजून दाबलेलेही नसते. म्हणून जनरेटर जोडण्यापूर्वी फ्रीज आणि पाण्याची टाकी दोन्ही प्रोपेनवर ठेवावीत. हे काम त्या इंधनावर उत्तम होते, आणि प्रोपेनचे सिलिंडर ट्रेलरच्या पुढच्या जोडावर असतातच.

या सगळ्यात सर्वांत अवघड गिऱ्हाईक एसी. चालू झाल्यावर १३,५०० बीटीयूचा एसी बारा-तेरा अँपिअर घेतो, म्हणजे साधारण १५०० वॅट. तेवढे हा जनरेटर सहज देतो. अडचण फक्त सुरू होण्याच्या क्षणाची आहे. थांबलेला कॉम्प्रेसर फिरायला लागताना क्षणभर ५० ते ६० अँपिअर मागतो, आणि ते देणे २२०० वॅटच्या कोणत्याही जनरेटरच्या आवाक्याबाहेरचे आहे. याच एका क्षणासाठी लोक दुप्पट वजनाचा जनरेटर घेतात. त्याऐवजी एसीच्या आत, कॉम्प्रेसरच्या वायरिंगमध्ये सॉफ्ट स्टार्ट बसवावा. तो कॉम्प्रेसरला एकदम पूर्ण प्रवाह न देता टप्प्याटप्प्याने देतो आणि सुरुवातीचा झटका दोन तृतीयांशाहून अधिक कमी होतो. मायक्रो-एअर कंपनीचा ईझीस्टार्ट आणि सॉफ्टस्टार्टआरव्ही ही त्यातली परिचित नावे. किंमत तीनशे डॉलरच्या आसपास असते, आणि छतावर चढून चार तारा जोडण्याचे काम वीजकामाची सवय असलेला माणूस एका दुपारी करू शकतो. ज्याला ती सवय नाही, त्याने मात्र हे काम आरव्हीच्या (ट्रेलरसारख्या फिरत्या घरांच्या) मेकॅनिककडूनच करून घ्यावे, कारण एसीतील कपॅसिटर वीज तोडल्यावरही काही काळ चार्ज धरून ठेवतो.

सॉफ्ट स्टार्ट बसवल्यानंतर एसी सुरू करण्याचा क्रम असा आहे. जनरेटर पाच मिनिटे गरम होऊ द्यायचा, भार कमी असताना इंजिन हळू चालवणारे इको थ्रॉटलचे बटण बंद करायचे, म्हणजे इंजिन पूर्ण वेगावर येते. मग एसीचा फक्त पंखा लावायचा आणि मिनिटभराने कूलिंगवर न्यायचे. आमच्या ट्रेलरमध्ये प्रवाह दाखवणारा मीटर आहे. पंख्यावर तो दोन-तीन अँपिअर दाखवतो, कॉम्प्रेसर फिरू लागताना आकडा पायरीपायरीने वर चढतो, इंजिनाचा सूर क्षणभर खाली जाऊन पुन्हा सावरतो, आणि मीटर साडेबाराच्या जवळपास स्थिरावतो. जुलै महिन्यात सॅक्रामेंटो खोऱ्यात पारा चाळिशीला टेकलेला असतानाही हा क्रम पाळल्यावर जनरेटरने साथ सोडलेली नाही. अर्थात अशा उन्हात कॉम्प्रेसर आणखी एखादा अँपिअर जास्त घेतो, तेव्हा कन्व्हर्टरचा ब्रेकर बंद ठेवावा आणि मायक्रोवेव्हला हात लावू नये. एसी चालू असताना एक टाकी साडेतीन-चार तास पुरते.

रात्रभर एसी चालवण्याचा विचार ज्यांच्या मनात आहे, त्यांनी उद्यानांचे नियम आधी वाचावेत. योसेमिटीमध्ये जनरेटर सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७ एवढ्याच वेळात चालवता येतो. यलोस्टोनच्या ज्या कॅम्पग्राउंडवर परवानगी आहे, तेथे सकाळी ८ ते रात्री ८ ही मर्यादा आहे, आणि काही कॅम्पग्राउंडवर जनरेटरला मुळीच परवानगी नाही. राष्ट्रीय उद्यानांच्या नियमानुसार ५० फुटांवर ६० डेसिबलपेक्षा जास्त आवाज जाता कामा नये. होंडाचा आवाज भारानुसार ४८ ते ५७ डेसिबल असल्याचे कंपनी सांगते. माझ्या अनुभवात बॅटरी चार्ज करण्याइतक्या भारावर त्याच्याशेजारी खुर्ची टाकून सामान्य आवाजात बोलता येते. एसी चालू असताना मात्र त्याची घरघर शेजारच्या तंबूपर्यंत निश्चित पोहोचते. तंबूत राहणाऱ्यांना जाड भिंती नसतात, हे ट्रेलरवाल्यांनी लक्षात ठेवावे आणि परवानगीच्या वेळेतही जनरेटर गरजेपुरताच चालवावा, असे मला कळकळीने वाटते.

या वेळांमुळे जनरेटरचे खरे काम काय आहे, तेही स्पष्ट होते. डोंगरात एसी लागतच नाही. तेथे रात्री हीटर लागतो, आणि तो प्रोपेनवर जळत असला तरी त्याचा पंखा बॅटरीवर फिरतो. योसेमिटीतील टुओलमी मेडोजसारख्या ८,६०० फुटांवरच्या जागी उन्हाळ्यातही पहाटे पारा शून्याजवळ उतरतो, पंखा रात्रभर चालू-बंद होत राहतो आणि सकाळी बॅटरी अर्ध्यावर आलेली असते. मग ७ ते ९ या दोन तासांत ती किती भरून निघते, हाच महत्त्वाचा प्रश्न उरतो. येथे ३५०० वॅटचा जनरेटर १८०० वॅटच्या जनरेटरपेक्षा तसूभरही जास्त वेगाने बॅटरी भरत नाही, कारण वेग जनरेटर ठरवत नाही, कन्व्हर्टर आणि बॅटरी ठरवतात. लेड-ॲसिड बॅटरी सुमारे ८० टक्क्यांपर्यंत बरा प्रवाह घेते आणि त्यानंतर हात आखडते; शेवटच्या वीस टक्क्यांना अनेक तास लागतात. लिथियम बॅटरी जवळजवळ शेवटपर्यंत पूर्ण प्रवाह स्वीकारते. म्हणून ज्यांच्याकडे मोठ्या जनरेटरसाठी बाजूला काढलेले पैसे आहेत, त्यांनी ते लिथियम बॅटरी आणि तिला साजेसा कन्व्हर्टर यांवर खर्च केले, तर दोन तासांच्या परवानगीचे सोने होईल. छतावर एखादे सोलर पॅनेल असेल, तर उरलेले काम दिवसभरात ते करते.

उंचीचा मुद्दा खरेदीच्या वेळी बहुतेकांच्या ध्यानात नसतो. हवा विरळ झाली की इंजिनाची शक्ती दर हजार फुटांना साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी होते. टुओलमीला ही घट ३० टक्क्यांवर जाते, म्हणजे १८०० वॅटचे साडेबाराशे उरतात. बॅटरी आणि इन्स्टंट पॉट दोन्ही एका वेळी लावण्याइतकीही ऐपत मग राहत नाही. पाच हजार फुटांच्या वर जास्त काळ राहायचे असेल, तर अधिकृत विक्रेत्याकडून कार्ब्युरेटरमध्ये उंचीसाठीचा जेट (पेट्रोल आत सोडणारा बारीक छिद्राचा भाग) बसवून घेता येतो. त्याने इंजिन नीट चालते, पण गेलेली शक्ती परत येत नाही. कोलोरॅडोत राहणाऱ्यांनी हा हिशेब आधीच करावा.

जोडणीबाबत दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. या जनरेटरवरील सॉकेट घरगुती पद्धतीचे आहे, त्यामुळे ट्रेलरची ३० अँपिअरची जाड केबल जोडायला छोटा ॲडाप्टर लागतो. याच जनरेटरच्या कंपॅनियन आवृत्तीवर ३० अँपिअरचे फिरवून अडकणारे सॉकेट आहे, पण एकटाच जनरेटर असेल तर त्या सॉकेटमधूनही १५ अँपिअरच मिळतात. त्याचा खरा उपयोग दोन जनरेटर एकत्र जोडल्यावर होतो. दुसरी गोष्ट अधिक गोंधळात टाकणारी आहे. ट्रेलरला विजेच्या दोषांपासून वाचवणारा चांगला संरक्षक बसवलेला असेल, तर जनरेटर जोडल्यावर तो ‘ओपन ग्राउंड’चा दोष दाखवून वीज आत सोडतच नाही. जनरेटर उत्तम चालू असतो, केबल नीट असते, आणि तरीही ट्रेलरमध्ये अंधार असतो. याचे कारण असे की या जनरेटरमध्ये न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी तार) आणि ग्राउंड (अर्थिंगची तार) एकमेकांना जोडलेले नसतात, आणि संरक्षकाला ते जोडलेले अपेक्षित असतात. जनरेटरच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये न्यूट्रल-ग्राउंड जोडणारा तयार प्लग लावला की हा प्रश्न सुटतो. हा प्लग जनरेटरपुरताच वापरावा. कॅम्पग्राउंडच्या किंवा घराच्या विजेवर तो कधीही लावू नये.

स्पर्धेतील पर्यायांकडे पाहता, यामाहाचा ईएफ २२००आयएस मला होंडाच्या तोडीचा वाटतो. त्याचीही सलग शक्ती १८०० वॅट आहे, टाकी थोडी मोठी आहे, आणि आरव्हीचे ३० अँपिअरचे सॉकेट त्यावर आधीपासूनच असल्याने ॲडाप्टर लागत नाही. वजन मात्र साडेतीन किलोने जास्त आहे. चॅम्पियनचा २५०० वॅटचा दुहेरी इंधनाचा जनरेटर होंडाच्या जवळजवळ निम्म्या किमतीत मिळतो, वजनाला त्याहून हलका आहे, आणि पेट्रोलशिवाय प्रोपेनवरही चालतो. वर्षातून दोन-तीन वेळाच बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला मी होंडाऐवजी हाच सुचवेन, कारण प्रोपेन टाकीत शिळा होत नाही आणि कार्ब्युरेटर चिकटण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. प्रोपेनवर त्याची शक्ती घटते, त्यामुळे एसी त्या इंधनावर काठावरच चालतो, आणि भाराखाली त्याचा आवाज होंडापेक्षा कानाला जास्त खुपतो. वेस्टिंगहाउसचा आयजेन ४५०० सलग ३७०० वॅट देतो, रिमोटने सुरू होतो आणि त्यावर आरव्हीचे सॉकेटही आहे. ज्यांच्या ट्रेलरवर १५,००० बीटीयूचा एसी आहे आणि ज्यांना सॉफ्ट स्टार्टच्या भानगडीत पडायचे नाही, त्यांच्यासाठी तो प्रामाणिक पर्याय आहे. त्याचे वजन ४४ किलोंच्या घरात असल्याने तो कोण उचलणार, हे मात्र घेण्यापूर्वी ठरवावे. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी कोणताही जनरेटर घेताना त्यावर कार्बची (कॅलिफोर्नियाच्या हवा प्रदूषण नियंत्रण मंडळाची) मान्यता आहे ना, हे पाहावे. परराज्यातून स्वस्त मिळतो म्हणून मागवलेला जनरेटर येथे अडचणीचा ठरू शकतो.

होंडाची किंमत हजार डॉलरच्या वर जाते, आणि त्या किमतीत इंधन दाखवणारा साधा काटाही नाही, ही माझी मोठी तक्रार आहे. टाकीचे झाकण उघडून डोकावण्यावाचून इलाज नसतो. इलेक्ट्रिक स्टार्टही नाही, दोरी ओढावी लागते. थंडीत चोक लावून ती दोन-तीन वेळा ओढली की इंजिन पकडते, तरीही खांद्याचे दुखणे असलेल्या ज्येष्ठांनी याचा विचार करावा. याउलट तीन वर्षांची वॉरंटी, गावोगावी असलेले दुरुस्तीचे जाळे आणि जुन्या जनरेटरलाही मिळणारी चांगली किंमत या बाजू भक्कम आहेत. जुना घेणाऱ्यांनी एक तपासणी न चुकता करावी. इंधनाच्या व्हॉल्व्हमधून पेट्रोल गळून आग लागण्याच्या शक्यतेमुळे २०१९ मध्ये होंडाने अमेरिकेत विकलेले सुमारे दोन लाख ईयू २२००आय दुरुस्तीसाठी परत बोलावले होते. सिरियल नंबर विक्रेत्याला सांगितला की ती दुरुस्ती झाली आहे की नाही, ते कळते.

देखभालीत तेलाला पहिला मान द्यावा. पहिले तेल २० तासांनी किंवा पहिल्या महिन्यात बदलायचे, नंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. तेल लागतेही जेमतेम ४०० मिलिलिटर. पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉल नसावे. परतताना होंडाची एक सोय मी आवर्जून वापरतो : मुख्य खटक्याला एक मधली स्थिती दिलेली आहे, तेथे इंधन बंद होते पण इंजिन चालू राहते. कार्ब्युरेटरमध्ये उरलेले पेट्रोल संपले की इंजिन दोन-चार आचके देऊन आपोआप थांबते. शिळे पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये घट्ट होऊन जेट बुजवते, आणि हिवाळ्यानंतर जनरेटर सुरू न होण्यामागे बहुतेक वेळा तेच असते. ही दोन मिनिटे दुरुस्तीचा मोठा खर्च वाचवतात.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र कोणतीही तडजोड नको. जनरेटरच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि तो माणसाला झोपेतच बेशुद्ध करतो. जनरेटर ट्रेलरपासून किमान २० फुटांवर, धुराचे तोंड ट्रेलर आणि शेजाऱ्यांच्या तंबूपासून दूर करून आणि वाऱ्याची दिशा पाहून ठेवावा. ट्रेलरच्या कापडी छताखाली, ट्रेलरखाली किंवा ट्रकच्या झाकलेल्या हौद्यात तो कधीही चालवू नये. यासाठी २५ फुटांची जाड केबल वेगळी घ्यावी. होंडाच्या नव्या आवृत्तीत कार्बन मोनॉक्साइड वाढल्यास इंजिन बंद करणारी को-माइंडर यंत्रणा आहे, परंतु ती जनरेटरजवळची हवा तपासते, ट्रेलरमधली नव्हे. ट्रेलरमधला डिटेक्टर दर सहलीपूर्वी बटण दाबून तपासावा आणि त्यावर छापलेली मुदत संपली असेल तर तो त्याच दिवशी बदलावा.

दोन एसी असलेल्या, ५० अँपिअरच्या मोठ्या ट्रेलरला हा जनरेटर अपुरा आहे आणि तेथे त्याची शिफारस मी करणार नाही. एका एसीच्या ट्रेलरसाठी आधी एकच घ्यावा, सॉफ्ट स्टार्ट बसवावा आणि एक उन्हाळा काढून पाहावा. त्यानंतरही एसी आणि मायक्रोवेव्ह एकाच वेळी चालवण्याची खरोखर गरज वाटली, तर याच्या जोडीला कंपॅनियन घेऊन दोन्ही समांतर जोडता येतात, सलग ३६०० वॅट मिळतात, आणि तरीही प्रत्येक जनरेटर एकट्या माणसाला एका हाताने उचलून ट्रकमध्ये ठेवता येतो. डोंगरात जाताना एकच न्यावा, दुसरा घरी ठेवावा.